एकच भोक उघडं

१

तळ्यावर राहायला आलं, की अलाशुआचं सकाळचं पहिलं काम ठरलेलं. पहार खांद्यावर टाकायची, झारा बगलेत मारायचा आणि एकेक भोक उघडत जायचं. रात्रभरात पाण्यावर सायीसारखा पातळ बर्फ धरलेला असतो. तो पहारेनं फोडायचा, झाऱ्यानं काढायचा, गळाची दोरी हलवून बघायची. बायको सिआसी तोवर स्टोव्ह पेटवून चहा टाकायची.

त्यांची फळ्यांची झोपडी तळ्याच्या मधोमध, बर्फावरच उभी होती. दरवर्षी वसंतात अलाशुआ ती बर्फगाडीनं गावातून ओढत आणायचा. जमिनीतली एक फळी उचलली, की खाली थेट भोक. पाणी तिथूनच भरायचं आणि वारा सुटला की तिथेच बसून मासे धरायचे. बाहेरची पाचसहा भोकं ओळीनं पलीकडच्या काठाकडे गेलेली.

त्या सकाळी सगळ्यात शेवटचं भोक बुजलेलं होतं.

गोठलेलं नव्हतं, बुजलेलं होतं. गोठलेलं भोक वरून सपाट असतं, थाळीसारखं. इथे बर्फाच्या चुऱ्याचा एक टणक गोळा वर फुगून आला होता. अलाशुआनं पहार घातली. गोळा फुटेना. शेवटी कडेनं फोडत फोडत त्याचा एक मोठा तुकडा निघाला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की चुरा वरून पडलेला नाही. तो खालून दाबून भरलाय. बाटलीला आतून बूच लावावं तसा.

"प्रवाहानं आला असेल," तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला.

तळ्याच्या या भागात प्रवाह नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

चहाच्या वेळी रेडिओ खरखरला. सिआसीचा धाकटा भाऊ पाउलूसी गावातून बोलत होता. त्याला सकाळी कुणाची तरी टिंगल केल्याशिवाय चहा जात नसे, आणि रेडिओवर सगळं गाव कान लावून बसलेलं असे.

"दाजी, गाडी आहे ना अजून बर्फाच्या वर? का हीपण माशांना देऊन टाकली?"

कुणीतरी मागे हसलं. गेल्या शरदात नदीच्या मुखाशी अलाशुआची गाडी पातळ बर्फातून खाली गेली होती. तो वेळेवर उडी मारून वाचला. पण बर्फ पारखण्यात ज्याचं नाव घेतलं जायचं त्याचंच असं झालं, म्हणून गाव अजून ती गोष्ट चघळत होतं.

"गाडी वर आहे," अलाशुआ म्हणाला, "आणि तुझी बहीणपण. दोघी तुझ्यापेक्षा कमी आवाज करतात."

भोकाचं त्यानं काही सांगितलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी आणखी एक भोक बुजलं. त्यानंतर, ज्या दोन भोकांमधून बर्फाखाली जाळं ताणलं होतं, ती दोन्ही एकदम. जाळं ओढता येईना, दोरी चुऱ्यात चिणल्यासारखी घट्ट बसलेली. अलाशुआनं शेजारीच गिरमिट लावून नवं भोक पाडलं. बर्फ छातीएवढा जाड, त्याचे हात भरून आले. संध्याकाळच्या उजेडात तो पुन्हा बघायला गेला, तर तेही बंद.

रात्र आता नावालाच उरली होती, उजेड मावळायला तयार नव्हता. त्या उजेडात त्याला बसवेना. तो झोपडीत यायचा, मोजे काढायचा, पुन्हा घालायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा.

"काय हरवलंय तुझं?" सिआसीनं विचारलं.

"काही नाही."

"मग बस की एका जागी. माझंही डोकं फिरवतोयस."

थोडा वेळ ती शिवत राहिली. मग सुई कापडात खोचून म्हणाली, "एक सांगू? हसणार नाहीस ना?"

"सांग."

"मी झोपडीत चालते ना, तेव्हा खाली कुणीतरी माझ्याबरोबर चालतं."

अलाशुआ हसला नाही.

"बर्फ तडकत असेल. ऊन वाढतंय."

"तडकलेला बर्फ मला कळत नाही का? मी काय दक्षिणेतून आलेली मास्तरीण आहे?" ती उठली. स्टोव्हपासून दारापर्यंत चालत गेली, थांबली, परत फिरली. "आता ऐक. माझ्या पायाकडे बघू नकोस, ऐक फक्त."

त्यानं डोळे मिटले. फळ्यांची करकर ऐकू आली. तिच्या बुटांचा मऊ आवाज आला. आणि प्रत्येक पावलानंतर, अगदी मागोमाग, खालून एक हलका ठोका. ती दारापाशी थांबली. ठोकाही थांबला.

"सील असेल," तो म्हणाला.

"तळ्यात?"

"दक्षिणेकडे एका मोठ्या तळ्यात आहेतच की. पिढ्यान् पिढ्या गोड्या पाण्यात राहतात. नदीनं एखादा इकडे चढला असेल."

"आणि सील पायांनी चालतो?"

 तरी सील म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. सील त्याला समजत होता. किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाखाली सील अख्खा हिवाळा कसा काढतो, नख्यांनी खरवडून आपली भोकं कशी उघडी ठेवतो, एकाशी धोका वाटला की श्वास घ्यायला दुसऱ्याकडे कसा वळतो, हे तो पोरवयापासून बघत आला होता. सील भोकं उघडतो. बुजवत नाही. एवढा एक विचार त्यानं बाजूला सारला.

३

सकाळी त्यानं भाला काढला.

बाहेरचं एकच भोक अजून उघडं होतं, झोपडीच्या सगळ्यात जवळचं. त्यानं त्याच्या कडेला कातड्याचा तुकडा अंथरला, म्हणजे पायांचा आवाज खाली जाऊ नये. पाण्यात काडीएवढी बारीक लाकडी सळई उभी सोडली. खालून कुणी वर आलं, की पाणी उचलतं आणि पाण्याबरोबर सळई. मग तो कमरेत वाकला, भाला तयार धरला आणि थांबला.

हे थांबणं त्याला येत होतं. त्याचे वडील असेच अर्धा दिवस थांबत. डोळ्यासमोर फक्त सळई. नाकातून अगदी हळू श्वास. अंगाला खाज सुटली तरी हलायचं नाही, कारण खालच्याला सगळं ऐकू येतं.

सळई हलली नाही. वारा पडला. दूर काठावर एक कावळा ओरडून गप्प झाला. अलाशुआच्या मनातली कालची तगमग हळूहळू उतरली. थांबणाऱ्या माणसाला जे एक सुख असतं ते त्याला लागलं.

आणि मग तळपायांना काहीतरी जाणवलं.

फार बारीक होतं. कातड्यातून, बुटांतून वर आलेलं. बराच वेळ एका जागी उभं राहिल्यावर माणूस एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतो, तसं. एकदा डावीकडे. मग उजवीकडे. मग पुन्हा शांत.

त्याला पहिल्यांदा वाटलं, आपणच हललो. पण तो हलला नव्हता. त्याचे गुडघे आखडून लाकूड झाले होते.

तो किती वेळ तसाच उभा राहिला, हे त्याला नंतर सांगता आलं नाही. भाला खाली ठेवून तो सरळ झाला. आपण कातडं का अंथरलं, ते त्याला आठवलं. आवाज खाली जाऊ नये म्हणून. पण खालच्यानंही तसलंच काही अंथरलेलं असलं तर?

"वेडा झालास," तो पुटपुटला.

दुपारपर्यंत तेही भोक बुजलं होतं. त्याची सळई आत चिणलेली होती.

४

"उद्या निघू," तो सिआसीला म्हणाला.

"आज का नाही?"

"जाळं बर्फात अडकलंय. झोपडी हलवायची तर दुसरी गाडी लागेल. पाउलूसीला बोलावतो."

रेडिओवर त्यानं एवढंच सांगितलं, की झोपडीखालच्या लाकडी पट्ट्या बर्फात गोठून बसल्यात, हातभार लाव. खरं काय ते सगळ्या गावासमोर बोलायला त्याची जीभ रेटेना. आपली भोकं कुणीतरी खालून बुजवतंय, असं म्हणायचं? पोरं वर्षभर नकला करतील.

पाउलूसी दुसऱ्या दिवशी दुपारी आला. येताना गोठवलेलं कॅरिबू हरणाचं मांस आणि साखर घेऊन आला आणि गाडी बंद करायच्या आधीच बोलायला लागला.

"दाजी, मासे कुठायत? एवढे दिवस काय ताईचं तोंड बघत बसलात?"

"तुझं बघण्यापेक्षा बरं," सिआसी म्हणाली. पण तिनं भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याच्या गालावर नाक दाबलं, आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला अलाशुआला दिसला. त्यालाही हलकं वाटलं. तिसरं माणूस आलं की गोष्टी आपल्या मापाच्या होतात.

तिघं मांस कापून कच्चंच खात बसले. पाउलूसी गावातल्या गमती सांगत होता. सिआसी चहासाठी पाणी काढायला उठली, जमिनीतली फळी उचलली, आणि वाकलेलीच राहिली.

"अलाशुआ," ती म्हणाली, "हे तू सोडलंस का?"

भोकाच्या काळ्या पाण्यात काहीतरी उभं होतं. बोटभर वर आलेलं, पांढुरकं, माशाच्या काट्यासारखं बारीक. ते अगदी सरळ होतं. सिआसीनं भांडं पाण्याजवळ नेलं, तसं ते थरथरलं. भांडं मागे घेतलं, की स्थिर.

"काटा असेल कुठला," पाउलूसी म्हणाला.

 अलाशुआला आपण काल पाण्यात सोडलेली सळई दिसत होती. आणि त्याच्यामागून, खूप लांबून, लहानपणीचा समुद्र. वडील एका भोकाशी वाकून उभे असायचे. बाकीची सगळी भोकं पोरांनी अडवायची, वर उभं राहायचं, पाय आपटायचे. सीलाला श्वास तर घ्यावाच लागतो. सगळीकडे माणूस असला, की तो शेवटी जिथे शांत आहे तिथेच येतो.

माणसाला पाणी तर लागतंच.

"फळी टाक," तो म्हणाला.

"अरे, पण चहा..."

"फळी टाक, सिआसी. कुणी तिकडे जाऊ नका. मी आलोच."

५

झोपडीच्या मागे वाऱ्यानं हिम झाडून नेलं होतं आणि तळ्याचा बर्फ उघडा पडला होता, काळा आणि काचेसारखा स्वच्छ. अलाशुआ त्यावर पालथा झोपला. डोळ्यांभोवती हातांची ओंजळ केली, कपाळ बर्फाला टेकवलं. थंडी हाडात घुसली.

आधी काहीच दिसलं नाही. बुडबुडे, एक लांब पांढरी भेग, खाली हिरवट अंधार.

मग पायांचे तळवे दिसले.

बर्फाच्या खालच्या बाजूला टेकलेले दोन तळवे, फिकट, शेजारी शेजारी. त्याच्या चेहऱ्यापासून बर्फाच्या जाडीएवढेच लांब. तळव्यांच्या पलीकडे पाय खाली गेले होते, आणि त्याखाली, अंधुक होत गेलेली, कमरेत वाकलेली पाठ. ते जे काही होतं ते बर्फाला जमीन करून उलटं उभं होतं. झोपडीच्या भोकाकडे तोंड करून. एक हात मागे उचललेला. ते हलत नव्हतं. अलाशुआला त्या उभं राहण्यातलं सगळं ओळखीचं होतं, मान कुठे, खांदा कुठे, वजन कुठल्या पायावर.

एक तळवा हळूच सुटला आणि पुन्हा, आवाज न करता, टेकला.

त्याला ओरडायचं होतं. तोंडातून फक्त हवा निघाली. तेवढ्यात झोपडीतून पाउलूसीचा आवाज आला, हसरा, नेहमीसारखा, "अगं ताई, दाजींचं काय ऐकतेस! बस तू, मी भरतो पाणी."

उचललेला हात भोकाकडे झेपावला.

अलाशुआ उठला, झोपडीला टेकवलेली पहार उचलली आणि दोन्ही हातांनी बर्फावर आपटत सुटला. आतून सिआसीची किंकाळी आली. तो दारातून आत पडला, तेव्हा पाउलूसी जमिनीवर पालथा होता. गाल पाण्याला टेकलेला, उजवा हात खांद्यापर्यंत भोकात. सिआसी त्याच्या पाठीवर बसून पट्टा ओढत होती. अलाशुआनं त्याचे पाय धरले. मोठी ओढाताण झालीच नाही, हेच त्याला पुढे आठवत राहिलं. हात सहज वर आला. खालून कुणीतरी सोडून दिल्यासारखा.

झोपडी, जाळं, मासे, सगळं तिथेच टाकून ते निघाले. काठाला लागेपर्यंत कुणी मागे बघितलं नाही.

६

पाउलूसीला काही झालं नव्हतं. गावच्या परिचारिकेनं हात उलटासुलटा करून बघितला. मनगटाभोवती एक बारीक लाल वळ होता, दोरा आवळून बांधल्यासारखा. हातमोज्याचा असेल, ती म्हणाली.

तो फक्त बोलायचा बंद झाला. सकाळी रेडिओ लागायचा आणि पाउलूसीची जागा रिकामी राहायची. गावाला ती शांतता टोचायला लागली. सिआसी त्याच्याकडे जेवण घेऊन जायची.

"काय झालं होतं रे तिथे?" तिनं एकदा विचारलं.

"काही नाही, ताई. चाचपलं मला." तो मनगट चोळत खिडकीतून समुद्राकडे बघत होता. तिथे अजून बर्फ होता, उन्हात पसरलेला, आणि लांब लांब ठिपक्यांसारखे सील अंग शेकत पडलेले. "ओढता आलं असतं त्याला. ओढलं नाही."

हे तिनं घरी येऊन सांगितलं. त्यानंतर अलाशुआ रोज मेहुण्याच्या घरावरून चक्कर मारायला लागला. घरात पाय टिकत नव्हता. जेवता जेवता उठायचा, दाराशी जाऊन यायचा. आपण कशाची वाट बघतोय हे त्याला कळत नव्हतं.

आणि एका सकाळी रेडिओवर पाउलूसी बोलला.

"मी बर्फावर आहे," तो म्हणाला. आवाज अगदी चांगला होता, पूर्वीचा. "बेटाच्या पलीकडे. या ना इकडे. ताई, ये. सगळे या."

गावभर गाड्या सुरू झाल्याचा आवाज उठला. त्या दिवसांत गावासमोरच्या समुद्रातल्या बेटापलीकडचा बर्फ तसा धोक्याचा, पण पोरगं एकटं आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याला परत आणायचं, यात कुणाला विचार करावा लागला नाही. लोक दोऱ्या, घोंगड्या, गरम चहाचे थर्मास घेऊन निघाले.

सिआसी अलाशुआच्या मागे बसली. वाटेत त्याला ते आठवलं. आठवलं म्हणजे अंगावरून पाणी गेल्यासारखं झालं. वसंतात हिमाखालच्या घरट्यात सीलाचं पिल्लू हाती लागलं, की जुने लोक ते मारत नसत. त्याच्या पायाला दोरी बांधून ते परत भोकात सोडत. पिल्लू ओरडायचं. मग आई यायची.

त्यानं गाडी थांबवली.

"काय झालं?" सिआसीनं त्याच्या पाठीवर मूठ मारली. "चल ना!"

"सिआसी, जायचं नाही. तो आपल्याला बोलावत नाहीये. त्याला..."

"माझा भाऊ आहे तो!"

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यानं गाडी चालू केली.

पाउलूसी एका भोकाच्या कडेला बसला होता. डाव्या हातानं या, या करत होता. उजवा हात कोपरापर्यंत भोकात होता आणि ऊन असूनही तो काढत नव्हता. गाडी थांबायच्या आत सिआसी उतरून धावली, गुडघ्यांवर पडली आणि तिनं भावाला छातीशी धरलं.

"चल घरी. चल रे राजा."

"हो," तो शांतपणे म्हणाला. तिच्या खांद्यावरून तो किनाऱ्याकडे बघत होता. "बाकीचे कुठायत?"

"येतायत रे. सगळे येतायत."

अलाशुआ मागे वळला. बेटाला वळसा घालून गाड्यांची रांग येत होती. बायका, म्हातारे, मागच्या स्लेजवर बसलेली पोरं. तो त्यांच्या दिशेनं धावला. दोन्ही हात डोक्यावर उंच करून जिवाच्या आकांतानं हलवू लागला. मागे फिरा. मागे फिरा.

लांबून लोकांना हात हलवणारा माणूस दिसला. त्या मुलखात कुणी बर्फावर असे हात हलवले, की त्याचा अर्थ एकच होतो, लवकर या.

त्यांनी गाड्यांचा वेग वाढवला.